एका राजवाड्यातले दोन तास : साताऱ्यातल्या इंग्रजी आणि इतिहासाच्या वर्गाची पार्श्वभूमी

सहावी ते आठवीला इंग्रजी आणि इतिहास यांचा एकत्र उपक्रम घेऊ या, असं कुणी सुचवलं की शिक्षककक्षात पहिला प्रश्न येतो, "हे नवीन काय काढलं?" साताऱ्यात तरी यात नवीन काही नाही. इथे हे दोन विषय एकाच दफ्तरातून बाहेर पडले आहेत.

1818 मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि देखरेखीला जेम्स ग्रँट हा तरुण अधिकारी ठेवला. पुढे ग्रँट डफ म्हणून ओळखला गेला तो हाच. राज्यकारभार बघता बघता त्याने बखरी, सनदा, पत्रं जमवली. महाराजांनीही आपल्याकडचे कागद त्याला मोकळेपणाने दाखवले. तब्येत बिघडल्याने तो मायदेशी परतला आणि 1826 मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत प्रसिद्ध झाला. काही वर्षांतच कॅप्टन डेव्हिड केपन याने तो मराठीत आणला आणि 'मराठ्यांची बखर' या नावाने शाळांमध्ये लावला गेला. म्हणजे साताऱ्यातले कागद इंग्रजीत गेले, तिथून मराठीत परत आले आणि मग आपल्या मुलांनी ते पाठ केले. या फेऱ्यात काय गळलं, काय बदललं, हे विचारायला बरीच वर्षं जावी लागली. 1867 च्या सुमाराला नीळकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने ग्रँट डफवर टीकालेख लिहिला. त्याने इंग्रजी पुस्तक उघडलं आणि हे विधान कुठल्या कागदावर उभं आहे, असा प्रश्न केला. माझ्या मते मराठी मुलखात इंग्रजी आणि इतिहासाचा पहिला खरा उपक्रम हाच.

नंतर कागद शोधायची लाटच आली आणि तिचा मोठा भाग याच पट्ट्यात आहे. वि. का. राजवाड्यांना पानिपतच्या काळातली पत्रं वाईत सापडली, त्यांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 मध्ये निघाला. साताऱ्यात द. ब. पारसनीसांनी आयुष्यभर कागद आणि चित्रं गोळा केली. त्या संग्रहासाठी 1925 मध्ये साताऱ्यात संग्रहालय उभं राहिलं, पण 1939 मध्ये तो पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. साताऱ्याच्या मुलांच्या दृष्टीने ते मोठं नुकसान, असं मला आजही वाटतं. मला सर्वांत जवळचे वाटतात ते मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे. ते हायस्कुलात संस्कृत शिकवत. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दफ्तरातली हजारो पत्रं वाचली, निवडली आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रह' खंडामागून खंड छापला. दिवसभर फळ्यासमोर उभा राहणारा माणूस रात्री मोडीचे कागद लावत बसतो, हे चित्र प्रत्येक डीएड झालेल्या तरुणासमोर ठेवायला हवं.

आता शाळेकडे येऊ. प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्यात पाठशाळा काढली होती. 1839 मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं, 1848 मध्ये राज्य खालसा झालं आणि 1851 मध्ये सरकारी इंग्रजी शाळा सुरू झाली. जुन्या राजवाड्यात भरणारी ती शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी याच शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झालं. रजिस्टरात 1914 या क्रमांकासमोर त्यांची सही आहे, आणि 2017 पासून राज्यभर तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

'इंग्रजी पहिली' हा शब्द आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. तेव्हा आधी मराठी चार इयत्ता व्हायच्या, मग इंग्रजी पहिली ते सातवी. आजची पाचवी ते सातवी म्हणजे तेव्हा इंग्रजीचा उंबरठा. शिकवण्याची रीत भाषांतराची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घेऊन मराठी वाक्याचं इंग्रजी करायचं, इंग्रजीचं मराठी करायचं, नियम घोकायचा. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर शिकल्या. बोलायला जीभ रेटत नसे, पण अर्ज आणि पत्र बिनचूक येई.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपर्यंत मागे ढकललं गेलं, महाराष्ट्र झाल्यावर ते पाचवीला आलं, आणि 2000 पासून पहिलीला. इतिहासाची पुस्तकं 1967 नंतर बालभारतीकडे आली. सहावीला प्राचीन, सातवीला मध्ययुगीन, आठवीला आधुनिक ही वाटणी शिक्षकांच्या अंगवळणी पडलेली आहे. मग सेमी इंग्रजी आलं, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत गेलं, इतिहास मराठीत राहिला. त्यात शिष्यवृत्ती परीक्षेत प्रथम भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता एवढंच असतं, इतिहास नाहीच. त्यामुळे जादा तास हवा झाला की इतिहासाचा जातो. मी शिकवायला लागलो त्या पहिल्याच शाळेत आठवीचा इतिहास डिसेंबरनंतर जवळजवळ बंदच होता. मुलं मार्चमध्ये गाईड पाठ करून बसली. त्याचं वाईट आजही वाटतं, कारण तेव्हा मी गप्प राहिलो.

वर्गातल्या कृतींची परंपराही याच जिल्ह्यात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि 1935 मध्ये साताऱ्यात खेड्यातल्या शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय सुरू केलं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. तिच्या कमला निंबकर बालभवनात माध्यम मराठी ठेवून इंग्रजी भाषा म्हणून नीट शिकवतात. मुलांना आधी स्वतःच्या अनुभवाचं वाचायला-लिहायला मिळावं, हा तिथला आग्रह. आणि 2012 नंतर सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये (एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटात) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषदेच्या शाळांनी ज्ञानरचनावादाची, म्हणजे मुलांनी स्वतः करून, अनुभवातून शिकण्याची वाट धरली. फरशीवर आखलेल्या आकृत्या, मुलांच्या बरोबरीने खाली बसलेले गुरुजी आणि बाई हे बघायला राज्यभरातून शिक्षकांची रीघ लागली. तिथला भर खालच्या वर्गांवर होता. माध्यमिककडे येईपर्यंत आपण पुन्हा खुर्ची आणि खडूवर येतो.

म्हणून मी आता एक उपक्रम दरवर्षी घेतो, सातवीला, इंग्रजी आणि इतिहासाचे दोन तास जोडून. साधन एकच, शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या मुलांच्या नोंदींचं पुस्तक. मुख्याध्यापकांची परवानगी घ्यायची, नाव आणि जातीच्या रकान्यांवर कागदाच्या पट्ट्या लावायच्या, एक पान टेबलावर उघडायचं. रजिस्टराला मुलांचे हात लावू द्यायचे नाहीत, कागद कडेला तुटतो. आधी रकान्यांची नावं इंग्रजीत करायची: दाखल दिनांक, पूर्वीची शाळा, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण, शेरा. तर्खडकरांची भाषांतराची रीत इथे फार उपयोगी पडते. ती टाकाऊ म्हणणाऱ्यांनी एकदा करून बघावं.

मग मुलं स्वतःच बघायला लागतात. पहिल्यांदा ओरडा होतो तो जन्मतारखेवर. "सर, सगळ्यांचा वाढदिवस 1 जूनला कसा?" जन्माची नोंद नसली की गुरुजी शाळेच्या सोयीने 1 जून टाकायचे, हे घरी विचारून आल्यावर कळतं. निम्म्या वर्गाच्या आजोबांची तारीख तीच निघते. दुसऱ्या दिवशी 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना. मुलींच्या ओळींत 'घरकाम' परत परत येतं. यावर इंग्रजीत पाच वाक्यं लिहायची, त्यातलं एक वाक्य घरच्या माणसाबद्दल. मुद्दाम भूतकाळ शिकवावा लागत नाही.

गेल्या वर्षी एका मुलीने घरून आजीचा घडी पडलेला दाखला आणला होता. पाच वाक्यांतलं तिचं शेवटचं वाक्य असं होतं : 'माय ग्रँडमदर लेफ्ट स्कूल इन द फोर्थ स्टँडर्ड, बट शी केप्ट द पेपर.'