मोनेच्या बागेतली निळी सावली

१८६६ च्या उन्हाळ्यात पॅरिसजवळच्या व्हिल-दाव्रे गावात फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने बागेत चर खणला. तेव्हा तो पंचविशीत होता. कॅनव्हास अडीच मीटरहून उंच. वरचा भाग शिडीवर चढून रंगवला, तर नजरेची पातळी बदलते. म्हणून तो कप्पीने कॅनव्हासच चरात खाली सोडायचा आणि जमिनीवर उभा राहून रंगवायचा. ‘बागेतल्या स्त्रिया’ हे ते चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती सावली. झाडाची सावली वाट ओलांडून बसलेल्या स्त्रीच्या पांढऱ्या झग्यावर येते, आणि तिथे काळा किंवा करडा नव्हे, निळसर रंग आहे.

भौतिकशास्त्राच्या हिशेबाने हे अगदी बरोबर आहे. सावलीत थेट ऊन पोचत नाही, पण आभाळाचा उजेड पोचतोच. हवेतले रेणू लहान तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक. म्हणून आभाळ निळं, आणि त्याच्या उजेडात पांढरं कापडही निळसर. वर पानं असतील तर त्यांतून गाळून आलेली हिरवी छटा त्यात मिसळते.

मग आपल्याला हे एरवी का दिसत नाही? कारण मेंदू उजेडाचा रंग परस्पर वजा करतो. कापड पांढरं आहे हे त्याने ठरवलेलं असतं, आणि उन्हात, सावलीत, दिव्याखाली तो ते पांढरंच दाखवतो. रोजच्या जगण्याला ही सोय फार उपयोगी, चित्रकाराला मात्र अडचणीची. मोनेने डोळ्यांवर पडणारा रंग मेंदूच्या दुरुस्तीआधी पकडला, ही मला प्रयोगशाळेतल्या निरीक्षणाइतकीच मोठी गोष्ट वाटते.

१८६७ मध्ये पॅरिसच्या सलोंच्या, म्हणजे तिथल्या अधिकृत चित्रप्रदर्शनाच्या, परीक्षकांनी चित्र नाकारलं. मित्र फ्रेदेरिक बाझीयने ते २,५०० फ्रँकना घेतलं, महिन्याला ५० फ्रँकच्या हप्त्याने.

निरभ्र दिवशी पांढरा कागद अर्धा उन्हात, अर्धा सावलीत ठेवा. दुसऱ्या काळ्या कागदाची बारीक नळी करून तिच्यातून फक्त सावलीचा भाग बघा. आजूबाजूचं काही दिसत नसलं की मेंदूची वजाबाकी ढिली पडते, आणि कागदावर निळसर झाक दिसू लागते.