पापण्या खाली येतात तेव्हा: इंजेक्शन, लेझर आणि शस्त्रक्रिया यांविषयी

पापण्यांची तक्रार घेऊन आमच्या दवाखान्यात येणारे बहुतेक जण बसता बसताच विचारतात, की ऑपरेशन न करता हे जमेल का. प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर आपल्या डोळ्याभोवती नेमके काय खाली आले आहे यावर अवलंबून असते आणि ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही. वयाबरोबर कातडी सैल होते, पापणी उचलणाऱ्या स्नायूची पकड ढिली होते, डोळ्याभोवतीची चरबी पुढे सरकते किंवा भुवईच खाली उतरते. आरशात या सगळ्यांचे चित्र जवळपास एकच, म्हणजे "डोळे बारीक झाले" असे दिसते. उपाय मात्र प्रत्येकाचा निराळा असतो. हे माहितीपत्रक तो फरक समजावा म्हणून लिहिले आहे, तपासणीला पर्याय म्हणून नव्हे.

नेमके काय सैल झाले आहे?

पापणीची कातडी ही शरीरातली सर्वांत पातळ कातडी असून तिची जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. ऊन, वारंवार डोळे चोळण्याची सवय आणि वय यांमुळे तिचा ताण जातो आणि वरच्या पापणीवर तिची घडी पडून ती कधी केसांवर टेकते. याउलट पापणीची कडाच बुबुळावर उतरली असेल, तर दोष कातडीचा नसून स्नायूचा असतो. हा स्नायू ज्या पातळ पडद्याने पापणीतल्या कडक पट्टीला जोडलेला असतो, तो पडदा वयाने ताणला जातो. वर्षानुवर्षे कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत हे लवकरही दिसते. खालच्या पापणीतल्या "पिशव्या" म्हणजे डोळ्याला गादीसारखा आधार देणारी चरबी असते. तिला मागे धरून ठेवणारा पडदा सैल झाला, की ती पुढे येते. अपुऱ्या झोपेने पिशव्या अधिक ठळक दिसतील, पण पुरेशी झोप घेऊन चरबी मागे जात नाही.

निवृत्त झालेल्या एक शिक्षिका आमच्याकडे आल्या, त्या चष्म्याचा नंबर बदलून घेण्यासाठी. वाचताना संध्याकाळी कपाळ दुखते, म्हणून वर्षभरात त्यांनी दोनदा चष्मा बदलला होता. त्यांच्या कपाळावर चार ठळक आडव्या आठ्या होत्या आणि नातवंडे त्यांना "आजी, तू सारखी दचकल्यासारखी का दिसतेस?" असे विचारीत. आम्ही त्यांना डोळे मिटायला सांगितले, भुवयांवर अंगठे ठेवून कपाळ हलणार नाही असे धरले आणि मग डोळे उघडायला सांगितले. दोन्ही पापण्या बाहुलीच्या अर्ध्यावर येऊन थांबल्या. त्या दिवसभर कपाळाच्या स्नायूने पापण्या उचलून धरीत होत्या. आठ्यांसाठी त्यांनी आधी स्नायू सैल करणारे इंजेक्शन घेतले असते, तर तो आधारही गेला असता आणि पापण्या आणखी खाली आल्या असत्या.

ही चाचणी घरी आरशासमोर करून पाहता येते. मोबाइलने फ्लॅश टाकून समोरून फोटो काढला, तर बाहुलीत प्रकाशाचा एक ठिपका दिसतो. तो ठिपका आणि वरच्या पापणीची कडा यांत साधारणपणे ४ ते ५ मिलिमीटर अंतर असावे. अंतर २ मिलिमीटरपर्यंत आले असेल, तर वरच्या बाजूची नजर झाकली जात असण्याची शक्यता बरीच आहे.

शस्त्रक्रियेविना काय होते आणि काय होत नाही

बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे बोलीभाषेतले बोटॉक्स, हे मुळात डोळ्यांच्याच विभागातले औषध आहे. अमेरिकेत त्याला १९८९ साली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांची अनैच्छिक फडफड यांसाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मान्यता २००२ साली आली. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या, हसताना उमटणाऱ्या सुरकुत्यांवर ते चांगले काम करते आणि बाहेरची भुवई किंचित वर उचलते. तीन-चार दिवसांत परिणाम सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन ते चार महिन्यांत ओसरतो. लोंबणारी कातडी मात्र त्याने जात नाही, आणि औषध चुकीच्या जागी पसरले, तर काही आठवडे पापणीच पडू शकते.

खालच्या पापणीखाली खळगा पडला असेल, तर हायलुरोनिक आम्लाचा फिलर, म्हणजे खळगा भरून काढणारा जेलसारखा पदार्थ, टोचता येतो. त्याचा परिणाम लगेच दिसतो, कित्येक महिने टिकतो आणि न आवडल्यास हायलुरोनिडेज हे विकर टोचून तो विरघळवता येतो. पण पातळ कातडीत फिलर फार वर बसला, तर तिथे निळसर छटा दिसते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की फिलर चुकून रक्तवाहिनीत शिरला, तर दृष्टी जाऊ शकते. हे अत्यंत क्वचित घडते, तरीही ज्या ठिकाणी हा धोका ओळखून लगेच उपचार करणारा डॉक्टर नाही, तिथे डोळ्याजवळ फिलर घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात सौंदर्यप्रसाधनगृहेही आली.

कार्बन डायऑक्साइड लेझरने बारीक सुरकुत्या कमी होतात आणि कातडी थोडी आवळते. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या वर्णात मात्र लेझरनंतर काळे डाग पडण्याची शक्यता गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असते, म्हणून आम्ही शक्ती कमी ठेवून अधिक बैठका घेणे पसंत करतो. उपचाराच्या वेळी बुबुळावर धातूचे संरक्षक कवच बसवणे आवश्यक असते.

स्नायूमुळे पडलेल्या पापणीसाठी ०.१ टक्का ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब अमेरिकेत २०२० साली मंजूर झाले. ते पापणीतला एक छोटा स्नायू आवळून साधारण एक मिलिमीटरपर्यंत उचल देतात आणि परिणाम काही तासच टिकतो. क्रीमबद्दल थोडक्यात सांगायचे, तर रेटिनॉलने बारीक रेषा थोड्या पुसट होतात आणि सनस्क्रीनने पुढचे नुकसान कमी होते. जादा कातडी मात्र कोणत्याही डबीतले क्रीम काढू शकत नाही.

शस्त्रक्रियेत काय केले जाते

वरच्या पापणीची शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन होते आणि साधारण तासाभरात आटोपते. चीर पापणीच्या नैसर्गिक घडीत घेतली जाते, त्यामुळे डोळा उघडा असताना व्रण घडीत लपतो. कातडी किती काढायची, हे पेनाने खुणा करून आधी ठरवले जाते. भुवई आणि पापणीचे केस यांच्यामध्ये सुमारे २० मिलिमीटर कातडी शिल्लक राहिलीच पाहिजे, नाहीतर झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही आणि बुबुळ कोरडे पडते. रुग्ण कधी कधी "अजून थोडी काढा" असा आग्रह धरतात. त्याला आम्ही नकार देतो. पापणीची कातडी मोजून कापण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे: सुश्रुतसंहितेत डोळ्यात वळणाऱ्या केसांवर उपाय म्हणून जवाच्या आकाराची कातडी काढून केसाने टाके घालण्याचे वर्णन आहे.

स्नायू सैल असेल, तर तो त्याच चिरेतून आवळला जातो. खालच्या पिशव्यांसाठी चीर पापणीच्या आतून घेता येते आणि बाहेर व्रण राहत नाही. वरचे टाके पाच ते सात दिवसांनी काढले जातात. काळेनिळेपणा दहा ते चौदा दिवस राहतो, त्यामुळे घरात लग्नकार्य असल्यास किमान महिनाभर आधी शस्त्रक्रिया करून घ्यावी. डोळे काही आठवडे कोरडे वाटू शकतात, दोन्ही बाजूंत सूक्ष्म फरक राहू शकतो आणि खालची पापणी क्वचित बाहेर वळते. डोळ्यामागे रक्तस्राव होणे फार विरळ असले, तरी शस्त्रक्रियेनंतर पहिल्या रात्री एका डोळ्यात तीव्र वेदना होऊन नजर कमी वाटल्यास सकाळची वाट न पाहता आम्हाला कळवावे. परिणाम अनेक वर्षे टिकतो. वय मात्र वाढतच राहते.

खर्चाविषयी

इंजेक्शन स्वस्त वाटते, परंतु वर्षाला तीन-चार वेळा घ्यावे लागते, हे धरून हिशोब करावा. केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आरोग्य विमा तिचा खर्च सहसा देत नाही. नजर झाकली जात असेल, तर दृष्टिक्षेत्राची चाचणी एकदा पापणी मोकळी ठेवून आणि एकदा चिकटपट्टीने उचलून करतात. तिचा अहवाल जोडून विमा कंपनीकडे पूर्वमंजुरी मागता येते. मंजुरी देणे आमच्या हाती नाही.

आधी दुसरी तपासणी लागणाऱ्या व्यक्ती

पापणी एकाएकी पडली, सोबत दोन-दोन दिसू लागले, डोके दुखले किंवा एक बाहुली मोठी दिसली, तर तो वयाचा परिणाम नव्हे. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी खाली येत असेल, तर स्नायूंच्या दुर्बलतेचा आजार तपासावा लागतो. सकाळी उठल्यावर दोन्ही डोळे सुजलेले असतील, तर थायरॉइड आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या आम्ही आधी करायला सांगतो.

तपासणीला येताना चालू औषधांची यादी आणावी. एकोस्प्रिन किंवा क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय स्वतःहून बंद करू नयेत. तंबाखू किंवा मिशरीची सवय असल्यास तीही सांगावी, कारण तिने जखम उशिरा भरते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा, समोरून काढलेला एखादा फोटो जरूर आणावा. तुमची भुवई आणि घडी मुळात कुठे होती, हे त्यावरूनच कळते.