ठिणगी आणि बार यांच्यामधला क्षण

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नाताळ उलटला की हरणाच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम सुरू होतो. झाडांची पानं झडलेली, बहुधा बर्फ पडलेला, आणि आधीच्या हंगामांतून वाचलेली हरणं चांगलीच सावध झालेली. या हंगामाच्या परवान्यावर बंदूक चालते ती एकाच जातीची : तोंडाकडून ठासायची आणि गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी. केपाची, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीची, चालत नाही, काडतुसाची तर नाहीच. 1974 साली मोजक्या सरकारी शिकारभूमींवर हा हंगाम पहिल्यांदा ठेवला गेला, तेव्हा ही बंदूक लष्करातून आणि बाजारातून जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता. ती परत का आली, हे समजायचं तर तिचा चाप, म्हणजे दारू पेटवणारी यंत्रणा, जवळून पाहावा लागतो.

चापावरच्या घोड्याच्या, म्हणजे आपटणाऱ्या दांड्याच्या, जबड्यात चामड्याच्या तुकड्यात आवळलेली गारगोटी असते. बोटाखालची कळ ओढली की घोडा पुढे झेपावतो आणि गारगोटी समोरच्या पोलादी पट्टीला खरवडत खाली जाते. उडणाऱ्या ठिणग्या गारेच्या नसतात, पोलादाच्या असतात. खरवडून निघालेले बारीक कण हवेत जळतात. त्याच दणक्याने पट्टी पुढे उलटते, तिच्याखालची वाटी उघडी होते आणि वाटीतली रंजक, म्हणजे पेटवणीची चिमूटभर दारू, भडकते. रंजकेची आग नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक छिद्रातून, आत शिरते, आतली दारू पेटते आणि मग बार होतो. जुळून आलेल्या चापात हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत उरकतं. तरी नेमबाजाला तो अवधी जाणवतो. तोंडासमोर जाळ उठलेला असतो, गोळी अजून नळीतच असते आणि तेवढा वेळ माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, हरणाच्या खांद्यावरून हलू द्यायची नसते. कान तुंबला असेल किंवा रंजक सर्द झाली असेल, तर वाटीतच भुस्स होऊन सगळं संपतं. आपण ‘फुसका बार’ म्हणतो तो हाच.

या धाटणीचा चाप 1610 च्या सुमारास फ्रान्समध्ये आकाराला आला. नॉर्मंडीतल्या लिझिय गावच्या मारँ ल बूर्ज्वा या कारागिराला त्याचं श्रेय देतात. त्याआधी बहुतेक बंदुकांसाठी जळती जामगी, म्हणजे सुताची वात किंवा तोडा, हातात बाळगावी लागे. पावसात ती विझे, रात्री तिचा निखारा लांबून दिसे आणि जनावराला तिचा वास जाई. गारगोटीने हे तिन्ही प्रश्न बऱ्याच अंशी सोडवले. आपल्याकडे मात्र तोड्याच्या बंदुकीने बराच काळ तग धरला, कारण ती स्वस्त होती आणि गावच्या लोहारालाही दुरुस्त करता येई. महादजी शिंद्यांनी डी बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली उभ्या केलेल्या कवायती पलटणींच्या हाती मात्र गारगोटीच्याच बंदुका होत्या.

पण सैन्याची बंदूक आणि शिकाऱ्याची रायफल यांत मोठं अंतर होतं. पलटणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. गोळी सैलसर बसे, झटपट ठासता येई, आणि नेमाची फारशी अपेक्षाच नव्हती. रायफलीच्या नळीत पिळाचे आटे असतात. त्यांतून गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मन आणि स्विस स्थलांतरित पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर भागात वसले, ते आपल्याकडची आखूड, जाड नळीची ‘येगर’ रायफल घेऊन. येगर म्हणजे जर्मन भाषेत शिकारी. तिथल्या जंगलात ही रायफल पुढच्या दोन पिढ्यांत हळूहळू बदलत गेली. नळी लांबून 40 इंचांच्या पुढे गेली, त्यामुळे मागची खाच आणि पुढची माशी यांतलं अंतर वाढून नेम अधिक काटेकोर झाला. तोंडाचा व्यास मात्र घटला आणि त्यामागे शिशाचा हिशेब होता. एका पौंड शिशात 0.60 इंचाच्या जेमतेम 22 गोळ्या होत, 0.45 इंचाच्या मात्र 50 हून जास्त. महिना महिना रानात राहणाऱ्या आणि सगळं ओझं पाठीवर वाहणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा होता.

तिची नळी कशी घडे, हे वाचताना मला दर वेळी त्या हातांचं कौतुक वाटतं. लोखंडाची लांब पट्टी तापवून सळईभोवती वळवायची आणि घणाखाली इंच इंच करत तिची शिवण सांधायची. मग आतून भोक साफ करायचं आणि लाकडाच्या पीळदार दांड्याला लावलेल्या लहानशा पात्याने एकेक आटा कोरायचा. पातं एका फेरीत केसभर लोखंड काढी, म्हणून एका आट्यासाठी कितीतरी वेळा दांडा आत-बाहेर ओढावा लागे. दस्ता तिथल्याच मेपलच्या लाकडाचा, वाघाच्या अंगासारखे पट्टे असलेला, आणि त्यात पितळी झाकणाची छोटी पेटी. त्या पेटीत चरबी लावलेल्या चिंध्या. गोळी नळीच्या तोंडापेक्षा किंचित लहान ठेवायची, चिंधीत गुंडाळायची आणि गजाने ठासायची. आटे पकडतात ते चिंधीला आणि चिंधी गोळीला फिरवते. रायफलीचा नेम निम्मा तरी या चिंधीवर अवलंबून आहे, असं माझं ठाम मत आहे.

1775 च्या जूनमध्ये, ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, अमेरिकी काँग्रेसने पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड आणि व्हर्जिनियातून रायफलधाऱ्यांच्या दहा तुकड्या उभ्या करायला सांगितल्या. 1777 मध्ये साराटोगाच्या रणात डॅनियल मॉर्गन या अमेरिकी सेनानीच्या रायफलधाऱ्यांनी ब्रिटिश अधिकाऱ्यांना लांबून टिपलं. तरी या रायफलीने युद्ध जिंकलं हे म्हणणं मला अतिशयोक्त वाटतं. ती भरायला वेळ लागे, तिला संगीन बसत नसे आणि शत्रू अंगावर आला की तिचा उपयोग सरे. तिचं खरं घर रान आणि गावाबाहेरचं मैदान.

सीमेवरच्या वस्त्यांत नेमबाजी हाच सणाचा खेळ असे. बैल कापून त्याचे वाटे बक्षीस म्हणून लावत. फळीवर कोळशाने फुली काढायची, प्रत्येक गोळीचं फुलीपासूनचं अंतर दोरीने मोजायचं आणि ज्याची दोरी सगळ्यांत आखूड भरेल तो जिंकला. पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑडुबॉन याने केंटकीतल्या अशा खेळांचं वर्णन केलं आहे : गोळीने खिळा ठोकायचा, रात्री मेणबत्तीची काजळी उडवायची पण ज्योत विझू द्यायची नाही.

या चापाचा शेवट एका शिकारी पाद्र्याने केला. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्व्हीचा अलेक्झांडर फोर्साइथ बदकं मारायला जाई. वाटीतला जाळ दिसताच पक्षी गोळी पोचायच्या आत सावध होतात, हे त्याने पाहिलं. आघाताने फुटणारं रसायन वापरून त्याने तो जाळच काढून टाकला आणि 1807 मध्ये पेटंट घेतलं. त्यातून पुढे तांब्याची केप आली आणि 1840 च्या आसपास सैन्यांनी गारगोटी टाकून दिली. कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावर दिसणारी ठासणीची बंदूक बहुतेक याच केपाच्या वंशातली.

ज्या अवधीपायी ही बंदूक गेली, त्याच अवधीसाठी पुढच्या माणसांनी तिला परत आणलं. 1933 मध्ये अमेरिकेत ठासणीच्या रायफलींच्या नेमबाजांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इंडियानातल्या फ्रेंडशिप या लहानशा गावी तिचे मेळे भरतात. 1971 मध्ये फ्रान्सच्या व्होदाँकूरला जागतिक स्पर्धा सुरू झाल्या. त्यांत तोड्याच्या आणि गारगोटीच्या बंदुकांचे वेगळे गट आहेत. उभं राहून 50 मीटरवर मारायचं आणि जाळ उठला तरी पापणी लववायची नाही.

शिकारीत मात्र वाद पेटला. अनेक राज्यांनी ठासणीच्या बंदुकांना वेगळा हंगाम दिला, तेव्हा 1985 मध्ये टोनी नाइटने मिसूरीत बनवलेली आधुनिक रायफल त्यात शिरली. तिची केप नळीच्या थेट मागे बसते, वर दुर्बीण लागते, आणि ठासणी तेवढी नावाला उरते. ज्या कठीणपणासाठी हा हंगाम मागून घेतला, तोच तिने काढून टाकला, हा जुन्यांचा आक्षेप मला योग्य वाटतो. पेनसिल्व्हेनियाने तिला ऑक्टोबरचा एक हंगाम दिला, पण नाताळानंतरचा हंगाम गारगोटीलाच राखून ठेवला.

म्हणून तिथल्या टेकड्यांत जानेवारीच्या थंडीत शिकारी चापावर चरबी चोळलेल्या चामड्याची टोपी बांधून चालतो. काळी दारू हवेतलं पाणी ओढून घेते आणि बर्फात वाटीतल्या रंजकेचा चिखल होतो. ठरावीक वेळाने तो झाडाच्या आडोशाला थांबतो, जुनी रंजक फुंकून टाकतो, वाटी अंगठ्याने पुसतो, बारीक तारेने कान मोकळा करतो, नवी रंजक भरतो आणि पुढे निघतो.