न चिकटणाऱ्या पदार्थावरचे कलम

नळाच्या आट्यांवर प्लंबर गुंडाळतो ती पांढरी टेप म्हापशाच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. बोटांत धरून ओढली की ताणते. वर पाण्याचा थेंब टाकला तर घरंगळून जातो. हे टेफ्लॉन. ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत रसायनज्ञ रॉय प्लंकेट यांच्या सिलिंडरमधून वायू येईना, वजन मात्र भरलेल्या सिलिंडरइतकेच. कापून पाहिले तर आत पांढरी भुकटी!

टेफ्लॉनमधला कार्बन-फ्लोरिनचा बंध आम्ल, अल्कली, उष्णता कशालाच सहजी दाद देत नाही. पण टेफ्लॉनमधून आयनही (विद्युतभारित कण) जात नाहीत, आणि हायड्रोजनसारख्या इंधनापासून थेट वीज करणाऱ्या फ्युएल सेलला तर प्रोटॉन जाऊ देणारा पडदा हवा. १९६५च्या जेमिनी ५ या अमेरिकी अवकाशयानातल्या फ्युएल सेलमध्ये सल्फोनेट केलेल्या (म्हणजे आम्लगट जोडलेल्या) पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचा पडदा होता. प्रोटॉन जायचे, पण ऑक्सिडीकरणापुढे तो फार टिकत नसे. त्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँटच्याच वॉल्थर ग्रोट यांनी नॅफिऑन हे पडद्याचे फ्लोरिनयुक्त साहित्य घडवले. टिकाऊ, पण महाग.

असा पडदा करण्याची दुसरी वाट कलमाची. ती गोवेकराला वेगळी समजावायला नको: खुंट काटक रायवळ आंब्याचा, वर फांदी मानकुरादची. इथे खुंट म्हणजे टेफ्लॉनसारख्या फ्लोरोपॉलिमरची (फ्लोरिनयुक्त प्लास्टिकची) पातळ फिल्म आणि चाकूच्या जागी कोबाल्ट-६०चे गॅमा किरण. ते प्लास्टिकच्या रेणूसाखळीवर रॅडिकल (अतिक्रियाशील जागा) तयार करतात आणि तिथून स्टायरीनची, म्हणजे पॉलिस्टायरीन ज्यापासून बनते त्या द्रवाची, नवी साखळी वाढते. मग क्लोरोसल्फोनिक आम्लाने तिला प्रोटॉन वाहणारे गट जोडायचे. फ्रान्समध्ये अदॉल्फ शापिरो यांनी १९५०च्या दशकापासून या किरणकलमांचा पाया घातला. टेफ्लॉनच्या साखळ्या किरणांनी स्वतःच तुटतात, म्हणून पुढे ईटीएफई, पीव्हीडीएफ अशा दुसऱ्या फ्लोरोपॉलिमरचे खुंट आले. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत एफईपी या आणखी एका फ्लोरोपॉलिमरच्या फिल्मवर दीर्घकाळ काम झाले.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती कलम आत कसे शिरते ही. सुरुवातीला फिल्मचे फक्त दोन्ही पृष्ठभाग कलम धरतात. कलम झालेला थर स्टायरीन पिऊन फुगतो, त्यातून स्टायरीन पुढच्या थरापर्यंत पोचते, तो थरही धरतो. दोन्हीकडून सरकणाऱ्या या आघाड्या मध्यावर भेटल्या की मगच पडदा आरपार वाहक होतो. तोवर मधला कोरा थर वाट अडवून असतो.

सच्छिद्र पीव्हीडीएफ घेतले तर कलम छिद्रांच्या भिंतींवरच धरता येते. पाणी पिऊन फुगते ते कलम. सांगाडा जागचा हलत नाही. मात्र कलम फार वाढले तर छिद्रेच बुजतात.