स्टीफन मारबरी

स्टीफन मारबरी (जन्म २० फेब्रुवारी १९७७, ब्रुकलिन, न्यू यॉर्क) हा अमेरिकन बास्केटबॉलपटू. खेळण्याची जागा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणारा; उंची १.८८ मी. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये तो तेरा हंगाम खेळला आणि २०१० ते २०१८ या काळात चीनमध्ये. विजेतेपदं मात्र सगळी चीनमधली.

१९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, मिलवॉकीने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं आणि लगेच मिनेसोटाला देऊन बदल्यात रे ॲलनला घेतलं. पुढे न्यू जर्सी, फिनिक्स, न्यू यॉर्क आणि बोस्टन. ८४६ सामन्यांत सरासरी १९.३ गुण आणि ७.६ असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने गुण केले असे पास). आकडे उत्तम, पण प्रशिक्षकांशी खटके उडत राहिले. न्यू यॉर्कमधला शेवट तर फारच कडवट झाला. २००९ नंतर त्याला एनबीएत संघ मिळाला नाही.

जानेवारी २०१० मध्ये, हंगाम निम्मा उलटल्यावर, तो तैयुआन शहरातल्या शान्शी संघात आला. पुढचा हंगाम फोशानमध्ये गेला आणि २०११ पासून तो बीजिंगकडून खेळू लागला.

चिनी लीगमध्ये परदेशी खेळाडूची खरी किंमत ठरते ती नियमांमुळे. सामना ४८ मिनिटांचा, १२ मिनिटांचे चार क्वार्टर. मारबरीच्या काळात संघात दोन परदेशी चालत, पण दोघांना मिळून सहाच क्वार्टर खेळता येत आणि चौथ्या क्वार्टरमध्ये मैदानावर एकालाच मुभा असे. म्हणजे शेवटच्या क्वार्टरचा एक वजा केला की पहिल्या तीन क्वार्टरसाठी पाच उरतात, त्यामुळे त्यातला एक क्वार्टर तरी एकाच परदेशी खेळाडूवर काढावा लागे. इथेच अनेक संघ फसत. सगळे चेंडू पाहुण्याच्या हाती, तो चाळीस गुण करतो, स्थानिक खेळाडू नुसते बघत राहतात. मग शेवटच्या क्वार्टरमध्ये प्रतिस्पर्धी त्याच्यावर दोघांना सोडतात आणि पास घ्यायला तयार असा कुणी उरत नाही.

बीजिंगचा प्रशिक्षक मिन लुलेइ याच्याकडे यावर उत्तर होतं. तैवानचा गार्ड ली श्वे-लिन चेंडू पुढे आणण्याचं काम वाटून घेई, त्यामुळे मारबरीचे पाय शेवटापर्यंत ताजे राहत. दुसरा परदेशी खेळाडू रँडॉल्फ मॉरिस, बास्केटजवळ खेळणारा सेंटर. न्यू यॉर्कमध्ये तो आणि मारबरी एकाच संघात होते, त्यामुळे पिक-अँड-रोलची (एकाने बचावपटूची वाट अडवून मग बास्केटकडे धावण्याची) सवय जुनीच होती.

२०१२ च्या अंतिम फेरीत समोर सलग चार वेळा विजेता ठरलेला ग्वांगडोंग होता. बीजिंगने मालिका ४-१ अशी जिंकली. संघाचं हे पहिलंच विजेतेपद. त्याच हंगामात एनबीएतल्या टाळेबंदीमुळे (मालक आणि खेळाडूंच्या करारवादात लीग बंद पडल्यामुळे) जे. आर. स्मिथ, केन्यन मार्टिन असे बडे खेळाडू चीनमध्ये आले होते. ते हंगामापुरतेच आले, आणि मार्टिनने तर तो अर्ध्यावरच सोडला. मारबरी मात्र इथेच मुक्काम ठोकून होता. २०१४ मध्ये शिनजियांग आणि २०१५ मध्ये ल्याओनिंगला हरवून बीजिंगने आणखी दोन विजेतेपदं मिळवली.

चाहते त्याला ‘मा झंगवेइ’ म्हणत. ‘मा’ हा त्याच्या आडनावाच्या चिनी रूपातला पहिला वर्ण आणि ‘झंगवेइ’ म्हणजे सैन्यातला राजकीय अधिकारी, तुकडीचं मनोबल सांभाळणारा. अमेरिकेत संघ फोडणारा म्हणून बदनाम झालेल्या माणसाला हे नाव मिळावं, यातली गंमत चाहत्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. बीजिंगमधल्या वुकसोंग इथल्या ऑलिम्पिक बास्केटबॉल स्टेडियमबाहेर २०१२ मध्येच त्याचा पुतळा उभा राहिला. २०१६ मध्ये त्याला चीनमध्ये कायम वास्तव्याचा परवाना मिळाला. शेवटचा हंगाम बीजिंगच्याच दुसऱ्या संघाकडून खेळून तो फेब्रुवारी २०१८ मध्ये निवृत्त झाला, आणि २०१९ मध्ये त्याच संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला.