सैंधवाच्या लोलकापासून नखाएवढ्या चिपपर्यंत

१८०० साली विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाश काचेच्या लोलकातून पाडला आणि तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे तापमापक ठेवला. पारा तिथे जास्त चढला. तो अवरक्त प्रकाश होता.

रेणूतले बंध सतत थरथरत असतात आणि त्या थरथरीशी जुळणारा अवरक्त प्रकाश शोषून घेतात. मिथेन ३.३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीला, कार्बन डायऑक्साइड ४.२६ला, प्रथिनं ६च्या आसपास. शोषण कुठे झालं ते पाहिलं की रेणू ओळखता येतो. पण साधी काच यातला बराचसा प्रकाश अडवते. त्यामुळे अमेरिकेत विल्यम कोब्लेंट्झने सैंधव मिठाचा लोलक वापरून, एकेका तरंगलांबीला मोजमाप घेत वर्णपट, म्हणजे कुठे किती प्रकाश शोषला गेला त्याचे आलेख, नोंदवले आणि १९०५ साली प्रसिद्ध केले. आजही त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात, कारण मीठ ओल धरतं. ही कटकट आजही संपलेली नाही; पावसाळ्यात पोटॅशियम ब्रोमाइडची (हेही एक मीठच, नमुना धरायला वापरतात) चकती डेसिकेटरबाहेर, म्हणजे कोरड्या हवेच्या बंद भांड्याबाहेर, राहिली, की धुरकटलीच.

पुढे सरकत्या आरशाचा इंटरफेरोमीटर (प्रकाशाचे दोन भाग करून ते पुन्हा एकत्र आणणारं उपकरण) आणि संगणक आले, मोजणी मिनिटांवर आली. यंत्र मात्र टेबल अडवूनच राहिलं. आरसा जितका लांब सरकेल, तितका वर्णपट बारकाईने दिसतो.

हे यंत्र छोटं करून चिपवर बसवायचं म्हटल्यावर काचेचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. सिलिकॉन चिपमधला सिलिकाचा (काचेचा मुख्य घटक) थर साधारण ४ मायक्रॉनपुढचा प्रकाश गिळतो, म्हणून जर्मेनियम, चॅल्कोजेनाइड (गंधक, सेलेनियम अशा मूलद्रव्यांची) काच असे पर्याय पुढे आले. छोटा प्रकाशस्रोत १९९४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत मिळाला: जेरोम फाइस्ट, फेडेरिको कपासो आणि सहकाऱ्यांचा क्वांटम कॅस्केड लेझर, म्हणजे अवरक्त प्रकाश देणारा चिमुकला अर्धवाहक लेझर.

माझ्या मते खरी कलाटणी त्याआधीची, १९८० सालची आहे. रेणूंचा एखादाच थर असेल तर शोषण जवळजवळ जाणवत नाही. चांदी-सोन्याच्या अतिपातळ थरापाशी ते वाढतं, हे हार्टस्टाइन, कर्टली आणि त्सांग यांनी दाखवलं. त्याच वाटेवर २०१८ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये हातिजे आल्तुग यांच्या गटाने सूक्ष्म रचनांचे चौकोन एका पृष्ठभागावर मांडले, प्रत्येक थोड्या वेगळ्या तरंगलांबीला जुळवलेला. कोणत्या चौकोनात किती फरक पडला, यावरूनच रेणूची खूण कळते. वेगळा वर्णपटमापक लागत नाही.

रक्ताचा नमुना तपासायचा तर पाणी आडवं येतं. तेही ६ मायक्रॉनच्या जवळच, नेमकं प्रथिनांच्या जागी, प्रकाश शोषतं. अशा पृष्ठभागाचा फायदा इथे होतो: वाढलेला प्रभाव पृष्ठभागालगतच राहतो. त्यामुळे प्रकाश मागच्या बाजूने टाकला, की पृष्ठभागाला चिकटलेली प्रथिनं मोजली जातात आणि वरचं बरंचसं पाणी मोजणीत येत नाही.