उपासनागीतकार धर्मभगिनी

उपासनागीतकार धर्मभगिनी : कॅथलिक ख्रिस्तसभेत ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही व्रते घेऊन संघात राहणारी, ईश्वरविद्येचा अभ्यास केलेली आणि मिस्सा (भाकर व द्राक्षारस अर्पण करण्याचा मुख्य उपासनाविधी) व प्रहरांच्या प्रार्थना (दिवसाच्या ठरावीक वेळी म्हणायच्या प्रार्थना) यांसाठी गीते रचणारी स्त्री. मराठवाड्यात तिला सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. गावाला ती शाळेतली, दवाखान्यातली, वसतिगृहातली म्हणून माहीत असते. ती धर्मशास्त्र जाणते, लिहिते, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि एखादी चाल ओठांवर बसली की ती रचणारीचे नाव मागे पडते.

उपासनागीत आणि भक्तिगीत यांत फरक आहे. भक्तिगीत कुठेही, कधीही म्हणावे. उपासनागीताला विधीत ठरलेली जागा असते : प्रवेशाच्या वेळी, पहिल्या वाचनानंतर प्रतिसाद स्तोत्राच्या रूपाने, शुभवर्तमानाच्या (येशूचरित्राच्या) वाचनापूर्वी जयघोष म्हणून, अर्पणाच्या वेळी, प्रभूभोजनाच्या वेळी. मंडळीच्या हातात पुस्तक असेलच असे नाही, म्हणून धृपद एकदा ऐकून उचलता आले पाहिजे. कीर्तनात टाळकरी झील ओढतात तशी ती ओढता आली तर गीत साधले. प्रार्थनेचा जो नियम तोच श्रद्धेचा नियम, असे तत्त्व ख्रिस्तसभेत 5व्या शतकापासून सांगितले जाते. म्हणजे लोक जे आठवड्यामागून आठवडे गातात, तेच हळूहळू मानू लागतात. प्रवचन विसरते, धृपद राहते. मिस्सेतले प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) यांनीच करायचे असते. स्त्रीला तो अधिकार नाही. त्यामुळे जिचे चिंतन प्रवचनपीठावर पोचू शकत नाही, तिचे चिंतन गीतातून सगळ्या मंडळीच्या तोंडी येते, ही या रचनाप्रकाराची खरी ताकद आहे.

गाण्याचा हा हक्कही सहज मिळालेला नाही. पोप दहावे पायस यांनी 22 नोव्हेंबर 1903 रोजी काढलेल्या आदेशात म्हटले होते की, ख्रिस्तमंदिरातील गायन हे उपासनेतले पद आहे आणि स्त्रिया ते पद धारण करू शकत नाहीत, म्हणून गायकवृंदात त्यांना घेऊ नये. 1955 मध्ये ही अट काहीशी सैल झाली, आणि 1967 च्या उपासनासंगीतविषयक सूचनेने स्त्रियांच्या गायकवृंदाला स्पष्ट मान्यता दिली. मठांच्या भिंतींआड मात्र भगिनी शतकानुशतके गातच होत्या.

त्या परंपरेतले सर्वांत मोठे नाव बिंगेनची हिल्डेगार्ड (1098–1179). जर्मनीतल्या एका उमराव घराण्यातले हे दहावे अपत्य, लहानपणीच देवाला वाहिलेले. युट्टा नावाच्या व्रतस्थ स्त्रीच्या हाताखाली ती 1112 मध्ये डिझिबोडेनबर्गच्या मठात बंदिस्त जीवन जगू लागली. 1136 मध्ये युट्टा वारल्यावर भगिनींनी तिला प्रमुख निवडले. 1141 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ‘पाहतेस ते लिही’ अशी आज्ञा तिला दर्शनात झाली. लिहायला ती घाबरली, आजारी पडली, मग लिहू लागली. ‘स्किवियास’ हा तिचा पहिला ग्रंथ पुरा व्हायला दहा वर्षे लागली. 1150 च्या सुमारास मठाधिपतींचा विरोध पत्करून ती आपल्या भगिनींसह बिंगेनजवळ रूपर्ट्सबर्गला गेली आणि तिने स्वतंत्र मठ उभारला. तिची सत्तरहून अधिक गीते आज उपलब्ध आहेत. त्यांच्या चाली एका सप्तकात मावत नाहीत. खालून एकदम पंचमावर झेप घेतात. तिच्या ‘ओर्दो विर्तुतुम’ या संगीतनाट्यात सगळे सद्गुण गातात, सैतानाला मात्र गाता येत नाही. तो नुसता ओरडतो. तिची ईश्वरविद्या या एका योजनेत उमगते.

तिच्या आयुष्याची परीक्षा अखेरीस झाली. 1178 मध्ये, पूर्वी बहिष्कृत झालेल्या एका माणसाला मठाच्या आवारात पुरल्यावरून माइन्सच्या धर्माधिकाऱ्यांनी प्रेत उकरून काढायचा हुकूम दिला. तो माणूस मरण्यापूर्वी ख्रिस्तसभेशी समेट करून गेला होता, असे सांगून तिने हुकूम मोडला. शिक्षा म्हणून मठातले गाणे बंद झाले; प्रार्थना दारे लावून, हलक्या आवाजात, नुसती वाचायची. ऐंशी वर्षांच्या हिल्डेगार्डने त्यांना पत्र लिहिले : आदामाचा आवाज पापापूर्वी देवदूतांच्या आवाजात मिळालेला होता, गाणे ही त्या हरवलेल्या घराची आठवण आहे, आणि जे पुरेशा कारणाशिवाय देवाची स्तुती बंद पाडतात त्यांना स्वर्गातल्या स्तुतीत वाटा मिळणार नाही. मार्च 1179 मध्ये बंदी उठली. 17 सप्टेंबरला ती वारली. 2012 मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य, म्हणजे जिची शिकवण सगळ्या ख्रिस्तसभेला मार्गदर्शक ठरते अशी संत, घोषित केले. हा मान मिळालेली ती चौथी स्त्री.

आधुनिक काळात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक संविधानात लॅटिनबरोबर लोकभाषेलाही वाट दिली आणि ज्या देशांत लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिथे तिला योग्य मान द्यावा असे सांगितले. भारतातल्या कॅथलिक उपासनेत आरती, जमिनीवर बसणे, पंचांग प्रणाम यांसारख्या बारा गोष्टींना 1969 मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत याच सुमारास मेडिकल मिशन सिस्टर्स या संघाच्या मिरियम थेरेस विंटर गिटारवर म्हणता येतील अशी बायबलाधारित गीते रचून घरोघर पोचल्या; पुढे त्यांनी ईश्वरविद्येचे अध्यापन केले.

मराठवाड्यात गंगापूर-वैजापूर पट्ट्यातल्या खेड्यांत फ्रान्सिस द सेल्स संघाच्या मिशनऱ्यांनी 19व्या शतकाच्या अखेरीस काम सुरू केले. औरंगाबाद धर्मप्रांत अमरावतीपासून वेगळा होऊन 1977 मध्ये स्थापन झाला. इथली बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे दलित समाजातली. मिस्सा लॅटिनमध्ये होती तेव्हाही भजन त्यांच्याजवळ होते. म्हणून पेटी, ढोलकी, टाळ ही इथल्या गावच्या ख्रिस्तमंदिरात कोणी आणून ठेवलेली नवलाई नाही.

या भूमीत रचणाऱ्या सिस्टरपुढे दोन वाटा असतात. परदेशी चालीत मराठी शब्द बसवले की ऱ्हस्व-दीर्घांची ओढाताण होते, नको त्या अक्षरावर जोर येतो. असे गीत पाठ होते, पण आपले होत नाही. दुसरी वाट ओवी-अभंगाची. बायबलातल्या स्तोत्रांत यमक नसते. एकच विचार दोन अंगांनी म्हटलेला असतो, आणि जात्यावरच्या ओवीतही पहिली ओळ पुढच्या ओळीत नव्याने उजळते. ओवी ख्रिस्तकथेला पेलते हे थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ने 1616 मध्येच दाखवले होते. आणि गोदाकाठी गंगाखेडची जनाबाई आहेच. तुलना ताणू नये. जनाबाईला संघ नव्हता, मठ नव्हता, ती नामदेवांच्या घरची दासी होती. तरी तिचा विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो, आणि देव कष्टकऱ्याच्या शेजारी येऊन बसतो हा विचार मराठवाड्यातल्या बाईला शिकवावा लागत नाही. तो गृहीत धरून जी सिस्टर लिहिते, तिचे गीत इथे रुजते.

भगिनींच्या सायंप्रार्थनेत रोज मरियेचे स्तोत्र येते. देवाने बलवंतांना आसनांवरून खाली ओढले, दीनांना उंच केले, भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केले, असे एक खेडवळ मुलगी त्यात गाते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलगी वसतिगृहात ते ढोलकीवर म्हणते तेव्हा ‘भुकेल्यांना’ या शब्दाशी तिचा आवाज आपसूक चढतो. चाल बांधणारीने तिथे वरचा सूर ठेवला तो याचसाठी.